डावीकडची पेडलं

१

गाडी सुरू होत नव्हती, आणि यात सुजाताला काही वावगं वाटलं नव्हतं. हिवाळ्यापासून टिनाच्या शेडखाली उभी असलेली जुनी गाडी रुसणारच. बॅटरी उतरली असेल, पेट्रोल शिळं झालं असेल, प्लगांवर काजळी धरली असेल. जगातल्या प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि ते शोधायला माणसाला डोकं आणि धीर एवढंच लागतं, असं ती मानायची. डोकं तिच्याकडे भरपूर होतं. धीराचं विचारू नका.

"अजून एकदा फिरव, आई."

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या भीमाबाईनं चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. त्या घरघरीच्या आत कुठेतरी एक बारीक 'टक' झालं आणि मग स्टार्टर नुसताच फिरत राहिला.

"राहू दे वो पोरी. तिचं मन नाही."

"गाडीले मन नसते, आई."

"मंग कोनाचं नाही म्हणू?"

सुजाता बॉनेटमध्ये वाकली.

गाडी तिच्या वडिलांची, टिकारामची. आयुष्यभर स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली, रिटायर झाल्यावर ही पांढरी गाडी घेतली आणि प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर ६ मधल्या बायकांना ड्रायव्हिंग शिकवायला लागला. फक्त बायकांना. एखादा बाप्या विचारायला आलाच तर म्हणायचा, "तुमाले शिकवाले सारी दुनिया हाय भाऊ." डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, त्यानं ब्रेक आणि क्लचची जादा पेडलं बसवून घेतली होती. एका दांड्यानं ती उजवीकडच्या पेडलांना जोडलेली. त्यानं डावीकडे पाय दाबला की शिकणारीच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं. शिवाय डॅशबोर्डखाली, त्याच्या गुडघ्याजवळ, एक चोर स्विच होता. बाई घाबरून ॲक्सिलरेटरवर उभीच राहिली तर तो स्विच पाडायचा आणि इंजिन जागच्या जागी बंद. आवाज चढवायचा नाही, हात धरायचा नाही. पाय आणि एक बोट, एवढ्यावर त्यानं अर्धा सेक्टर शिकवला.

राहिली होती ती घरचीच. साठी जवळ आल्यावर भीमाबाई एकदाची तयार झाली, शिकाऊ लायसन निघालं, रोज सकाळी दोघं मैदानाच्या रस्त्यानं जायला लागली. आणि ऐन थंडीत टिकाराम छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेला तो परत आला नाही.

तेव्हापासून भीमाबाई अर्धी पोळी खायची. रविवारी विहारात जाणं सोडलं होतं. कोणी हाक मारली तर ओ द्यायला तिला फार लांबून यावं लागायचं. दुपारी शेडमध्ये जायची आणि चावीशिवायच स्टिअरिंगवर हात ठेवून बसायची. सुजातानं काही महिने हे पाहिलं आणि ठरवलं, बसतेच आहे तर चावी घेऊन बसू दे. लायसनची मुदत संपत आली होती, टेस्ट सोमवारची मिळाली होती. बाबांची शेवटची विद्यार्थिनी पास झाली की आई परत येईल, हे सुजातानं ठरवूनच टाकलं होतं. नाही झाली तर? त्या प्रश्नाकडे ती पाहत नव्हती.

बॅटरी ठीक होती. पेट्रोल होतं. प्लगवर मात्र ठिणगी येत नव्हती. मग तिला चोर स्विच आठवला. दार उघडून वाकून पाहिलं, तर स्विच पडलेला.

"हात्तिच्या!" ती स्वतःवरच हसली. स्विच वर केला, आईला उठवून स्वतः बसली, चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात लागली. "पाह्यलं? आता बस."

सुजाता उतरून मागच्या सीटवर गेली आणि भीमाबाई बसली. पदर सावरला, आरसा नीट केला, हात गिअरवर नेला.

टक.

इंजिन बंद. सुजातानं मागच्या सीटवरून मान पुढे काढली. स्विच पुन्हा पडला होता.

"तुह्या गुडघा लागला असन, आई."

"हो," भीमाबाई म्हणाली. तिचा गुडघा स्टिअरिंगखाली होता आणि स्विच पार त्या टोकाला, हे दोघींनाही दिसत होतं.

२

कमलेश हथखोजवरून मोटरसायकलवर आला. तिथे एका कारखान्याला लागून त्याचं गॅरेज होतं. ही जादा पेडलं त्यानंच बसवली होती, म्हणून तो या गाडीकडे सासरी दिलेल्या पोरीकडे पाहावं तसा पाहायचा.

"दीदी, तुम्ही गावोगावी भाषण देऊन राहिल्या, आन् घरची गाडी ऐकत नाही तुमचं?"

"तू स्विच बदल. भाषण मी देतो नं."

त्यानं जुना स्विच काढला आणि कडक खटक्याचा नवीन बसवला. बोटानं पाडायचा म्हटलं तरी जोर लागावा असा. मग सवयीनं फडक्यानं आतलं पुसायला लागला. काच जराशी उघडी राहिल्यानं इतक्या महिन्यांत प्लांटची काळसर धूळ सगळीकडे बसली होती. डॅशबोर्डवर, सीटच्या शिवणींत, उजवीकडच्या पेडलांवर. डावीकडच्या पेडलांवर आल्यावर त्याचं फडकं थांबलं. तिथलं रबर स्वच्छ होतं. रोज वापरल्यासारखं.

"तुह्या बूट घासला असन," सुजाता म्हणाली.

"मी तर चप्पल घालून हाय, दीदी."

"मंग चप्पल घासली असन."

कमलेशनं चावी फिरवली, गाडी लागली. शेडमध्येच दोन-तीन वेळा मागेपुढे केली, मस्त चालली. मग उतरून दार उघडं धरून त्यानं झोकात सलाम केला. "या काकू. मॅडमची सीट रेडी."

भीमाबाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून सुजाताच्या ते लक्षात राहिलं. ती बसली, आणि दार लागायच्या आत 'टक'. कडक खटक्याचा नवीन स्विच आपल्या जागी पडून होता.

कमलेश आधी हसला, मग हसायचा थांबला. "नया माल भी आजकल..." म्हणत त्यानं फडकं झटकलं. मोटरसायकलला किक मारता मारता हळूच म्हणाला, "दीदी, काका गेल्यावर गाडीचं काही केलं होतं का? नारळ-बिरळ? माह्या ओळखीचा एक बैगा हाय, झाडफूक करते..."

"कमलेश!"

सुजाता काय काम करते हे त्याला माहीत होतं. छत्तीसगढच्या खेड्यांत कोणाचं पोर आजारी पडलं, कोणाची म्हैस मेली, की गावातली एखादी एकटी बाई टोनही ठरते. चेटकीण. मग तिला मारतात, गावाबाहेर काढतात. सुजाता आणि तिचे मित्रमैत्रिणी अशा गावांत जाऊन लोकांशी भांडायचे, बाईला घरी परत आणायचे. मागच्याच महिन्यात एका म्हातारीचे गावानं कापलेले केस तिनं स्वतःच्या हातानं नीट केले होते. ज्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, ज्या घरात तिनं लहानपणी 'भूत' म्हटलं तर बाप म्हणायचा, "दाखव, मी चहा पाजतो त्याले," त्या घराच्या शेडमध्ये बैगा?

"लूज कनेक्शन हाय," ती म्हणाली. "मी पाहून घेतो."

३

तिनं पद्धतशीर पाहिलं. माणूस बसला की गाडी उजवीकडे कलते, वायर ताणली जाते, धक्का लागतो. शक्य होतं. दुपारी तिनं घरातून गव्हाचं पोतं ओढत आणलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन सुरू केलं. पोतं हलवलं, आपटलं, त्यावर स्वतः रेलून पाहिलं. गाडी शांतपणे चालत राहिली. शेडचं टिन बारीक थरथरत होतं आणि पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या.

मग पोतं काढलं आणि आईला हाक मारली.

टक.

सुजाता पायरीवर बसली. घाम पुसला. उन्हं कलली होती, बाजूच्या क्वार्टरात कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. तिच्या डोक्यात अजून चार कारणं होती आणि ती एकेक करून तपासायची होती, पण आईचा चेहरा पाहून ती उठली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

भीमाबाई रडत होती. भीतीनं नाही. वर्गात सगळ्यांसमोर चुकलेली पाटी परत मिळालेल्या पोरीसारखी.

"तुये बाबा उगाच कोनाची गाडी बंद करत नव्हते, सुजा. बाई चुकून राहिली असन तवाच करत. मी काय चुकून राहिली, थेच मले समजत नाही. आरसा पाह्यला, गिअर पाह्यला. सांगतबी नाही नं कधी. नुसतं बंद करते."

"आई, तिथं कोणी नाही."

"बरं."

"बाबा असते तर त्यांनीच तुले टेस्टले नेलं असतं. का अडवतील ते?"

"थेच तर," भीमाबाई म्हणाली. पदरानं नाक पुसून तिनं आरशातून मागे पाहिलं. "पण मले एक सांग. समोर एवढी सीट रिकामी हाय, तू रोज मागं कावून बसतं?"

सामान ठेवायचं होतं, असं काहीतरी सुजाता बोलली. समोरच्या सीटवर सामान नव्हतं, नुसती खोलगट झालेली गादी होती. इतक्या दिवसांत एकदाही तिनं तिथे बसून पाहिलं नव्हतं, आणि हे तिला तोवर कळलंही नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी तिनं स्विचच्या दोन्ही वायरी कापल्या, उघड्या तारा एकमेकींत पिळल्या आणि वरून काळी टेप गुंडाळली. आता स्विच पडला तरी इंजिन बंद होणार नव्हतं. असं सरळ करून टाकल्यावर तिला बरं वाटलं. जे अडवतं ते कापायचं, यात तिचा हात बसलेला होता.

भीमाबाईनं चावी फिरवली. गाडी लागली. दोघी श्वास धरून बसल्या. डॅशबोर्डखालून आवाज आला, टक, टक, वीज गेलेल्या घरात कोणी बटण दाबून पाहावं तसा. पण इंजिन चालू राहिलं.

"पाह्यलं?" सुजाता ओरडली. "पाह्यलं, आई? वायर होती. नुसती वायर!"

"चालू हाय वो!" भीमाबाईचा आवाज पोरीसारखा झाला. तिनं क्लच दाबला, पहिला टाकला आणि पाय हळूहळू सोडला. गाडी शेडच्या सावलीतून उन्हाच्या काठावर आली.

तिथे गचका बसला. गाडीनं मान टाकली आणि बंद पडली.

"ब्रेक कशाले दाबला?"

"मी नाही दाबला. माह्या पाय इकडं हाय, पाह्य."

पाय खरंच बाजूला होता. तिच्यासमोरचं ब्रेकचं पेडल मात्र खाली गेलेलं होतं. सुजातानं दोन सीटांच्या मधून मान घातली आणि डावीकडे पाहिलं. डावीकडचं पेडलही खाली होतं, तळाशी टेकलेलं. ती पाहत असतानाच ते वर यायला लागलं. अडकलेली स्प्रिंग सुटावी तसं ते फटकन आलं नाही. शिकणारी दचकू नये म्हणून तिचा बाप पाय उचलायचा, तेवढ्या सावकाशीनं आलं.

टिकारामकडे ती स्वतः शिकली होती. ती सावकाशी तिच्या तळपायाला पाठ होती.

ब्रेक जाम असेल. उभ्या गाडीचे होतात. तिनं स्वतःला हे दोनदा सांगितलं आणि कमलेशला फोन लावला.

"पेडलं काढायची हायेत. डावीकडची. दांड्यासकट."

"दीदी, इतवारी येतो," कमलेश म्हणाला.

५

रविवारी सकाळी तो आला, पण थट्टा घरी ठेवून आला. गाडीखाली शिरून नट सोडवत राहिला. एक नट सुटेना, तेव्हा तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "छोडो ना काका," आणि सुजातानं ऐकलं नाही असं दाखवलं.

पेडलं निघाली. त्यांच्या जागी तळाला भोकं राहिली, त्यावर त्यानं रबरी मॅट अंथरली.

"हे कुठं ठेवू?"

"भंगारात दे."

"भंगारात नोको," दारातून भीमाबाई म्हणाली. तिनं ती जड लोखंडं पदरात घेतली, नळाखाली धुतली, पुसली आणि आत नेऊन ठेवली. कुठे, ते सुजातानं पाहिलं नाही. परत आली तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"आज राहू देतं का, पोरी? रातभर डोळा नाही लागला. अंगात जीव नाही वाटून राहिला."

"आई, उद्या टेस्ट हाय."

"मालूम हाय."

"एक चक्कर. मैदानाचा एक चक्कर मार, मंग दिवसभर झोप. बाबांनी एवढं शिकवलं ते असंच सोडायचं का?"

हे शेवटचं वाक्य तिनं हत्यार म्हणून वापरलं होतं आणि ते लागलं. भीमाबाईनं केस विंचरले, पिवळ्या काठाची ठेवणीतली सुती साडी नेसली. कमलेश औजारं गोळा करून गेला होता. जाताना काकूंच्या पाया पडला होता, जे त्यानं याआधी कधी केलं नव्हतं.

६

गाडी लागली. स्विच बोलला नाही, पेडल दबलं नाही. क्वार्टरांच्या रांगेमधून, शिरीषाच्या सावलीतून भीमाबाईनं गाडी अशी बाहेर काढली की सुजाताला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. रविवारचे रस्ते रिकामे होते. एक सायकलवाला आला, भीमाबाईनं गाडी बाजूला घेतली, हॉर्न दिला. दुसरा गिअर. मैदानाच्या कडेचा लांबलचक रस्ता लागला आणि गाडी एका चालीनं जायला लागली.

मागच्या सीटवर सुजाता बोलत सुटली. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं ते सगळं. की उद्या लायसन मिळालं की आपण सिविक सेंटरच्या बाजारात जाऊ, तू चालवत ने, मी मागं मॅडमसारखी बसन. की मंग माह्यासंग गावात चल. साठीची बाई गाडी चालवत गावात येते, हे त्या लोकांना दिसू दे, शंभर भाषणांच्या वर काम होईल. की बाबांच्या ड्रायव्हिंग शिकवायच्या पाटीवर आपण तुझं नाव टाकू, तू शिकव बायकांना. "काय म्हणतं?" असं ती मधूनच विचारायची आणि पुढे बोलायची. आई बोलत नव्हती. रस्त्यावर ध्यान ठेवून होती. किती दिवसांनी आईचं कशावर तरी ध्यान होतं! सुजाताला इतकं सुख झालं की तिचे डोळे भरून आले.

थप्.

समोरून आवाज आला. मऊ, रबराचा. थोड्या वेळानं पुन्हा, थप्.

मॅट नीट बसली नसेल, असं वाटून ती बोलत राहिली. गाडी वळणाशी आली. वळली नाही. रस्त्याची कड सोडून सरळ मैदानात उतरली आणि गचके खात जायला लागली.

"आई, खड्डा चुकवतं का? रस्त्यावर घे नं."

थप्. थप्. थप्.

सुजातानं दोन सीटांच्या मधून मान पुढे घातली आणि आवाजाकडे पाहिलं. डावीकडे, जिथे पेडल होतं तिथली मॅट दबत होती. भोकाच्या वरचं रबर खोल आत जायचं, सुटायचं, पुन्हा आत जायचं. त्यात ती सावकाशी अजिबात नव्हती. जिवाच्या आकांतानं, सगळा भार टाकून, टाचेसकट कोणी ते दाबत होतं, आणि खाली दाबायला काही नव्हतं.

मग तिनं आईकडे पाहिलं. हात स्टिअरिंगवरच होते. डोळे उघडे होते. त्या डोळ्यांत रस्ता नव्हता.

हँडब्रेक आपण ओढला हे तिला खांद्यात कळ आल्यावर समजलं. गाडी मातीत घसरत फिरली, शेवटचा गचका खाल्ला आणि थांबली. इंजिन मेलं. धूळ काचांवरून पुढे निघून गेली.

"आई. ए आई."

तिनं मागून मिठी मारावी तसे दोन्ही हात सीटभोवती टाकले. आईचं डोकं तिच्या मनगटावर आलं. केसांना तेलाचा वास होता. छातीवर तळवा ठेवला, दाबला, पुन्हा ठेवला. मैदानाच्या त्या टोकाला क्रिकेट थांबलं होतं आणि कोणीतरी ओरडत धावत येत होतं.

मॅट अजून दबत होती. गाडी थांबली होती, तरी दबत होती. पण आता हळू. एकदा. मग बऱ्याच वेळानं एकदा.

"बाबा," सुजाता म्हणाली. "बस करा. थांबली गाडी."

मॅट थांबली.

डावीकडच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली, आणि इतके दिवस तिला खोलगट दिसत होती ती गादी, बसलेला माणूस उठल्यावर येते तशी, वर आली. दार उघडलं नाही. सुजाता श्वास न घेता पाहत राहिली.

मग दुसरी स्प्रिंग कुरकुरली. उजवीकडची. आई अजून तिच्या हातांत होती, डोकं मनगटावर होतं, पिवळा काठ गिअरवर पडला होता. आणि तिच्या खालची गादी हलकेच वर आली.